हॅरी पॉटरच्या जगातील मंत्र आणि त्यांची व्युत्पत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे. के. रोलिंग यांच्या सात पुस्तकांमध्ये (१९९७ ते २००७) शंभराच्या आसपास मंत्र येतात असे म्हटले, तर ती मोजणी कोण कशी करतो यावर वाद होईल. परंतु वाचकांचे प्रश्न मात्र ठरावीक पंचवीस-तीस मंत्रांभोवतीच फिरत राहतात. पुढील उत्तरे त्याच मंत्रांविषयी आहेत. कथानकातील काही रहस्ये ओघात उघड होतात, याची पुस्तके न वाचलेल्यांनी नोंद घ्यावी.

हे मंत्र खरोखरच लॅटिन भाषेतले आहेत का?

काही आहेत, बहुतेक नाहीत. त्यांचे ढोबळमानाने तीन थर पडतात. ‘ॲकिओ’, ‘प्रोटेगो’, ‘रेपारो’, ‘डिफिन्डो’, ‘नॉक्स’ हे शब्द लॅटिनच्या कोणत्याही शब्दकोशात जसेच्या तसे सापडतात. दुसऱ्या थरात लॅटिनचे सुटे भाग जोडून तयार केलेले शब्द येतात, उदाहरणार्थ ‘एक्सपेलिआर्मस’ किंवा ‘सेक्टमसेम्प्रा’. एखाद्या रोमन माणसाला त्यांचा अर्थ साधारणपणे लागला असता, पण असे कोणी बोलत नाही, असेही त्याने लगेच सांगितले असते. तिसऱ्या थरात मूळ शब्द चक्क इंग्रजी असून त्याला फक्त लॅटिनचे शेपूट लावलेले असते. मराठी शब्दाच्या शेवटी अनुस्वार लावून संस्कृत बोलण्याचा आव आणावा, त्यातलाच हा प्रकार आहे. ‘मफ्लिआटो’ हे त्याचे उत्तम उदाहरण. आवाज दबका करणे या अर्थाच्या ‘मफल’ या इंग्रजी क्रियापदाला लॅटिन आज्ञार्थाचा ‘-आटो’ हा प्रत्यय जोडला की हा मंत्र तयार होतो.

लेखिकेने एक्सेटर विद्यापीठात फ्रेंच आणि अभिजात विद्या, म्हणजे ग्रीक-रोमन भाषा व साहित्य, या विषयांचा अभ्यास केलेला होता. त्यामुळे जिथे व्याकरण मोडले आहे तिथे ते प्रत्येक वेळी अज्ञानातून मोडले, असे समजण्याचे कारण नाही. मंत्राला शुद्धतेपेक्षा नाद अधिक लागतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

मंत्रांसाठी लॅटिनच का?

युरोपात शेकडो वर्षे चर्च, वैद्यक, कायदा आणि किमया या सर्वांची लेखी भाषा लॅटिन होती. सामान्य माणसाला ती ऐकू येत असे, पण कळत नसे. आणि जे ऐकू येते पण कळत नाही त्याला सामर्थ्य चिकटते. सतराव्या शतकातील इंग्रज जादूगारांनी ‘होकस पोकस’सारखी खोटी लॅटिन बडबड वापरली, ती याच कारणाने. हे शब्द चर्चमधील प्रार्थनेतल्या ‘होक एस्ट कॉर्पुस’, म्हणजे ‘हे शरीर आहे’, या वाक्याचा अपभ्रंश असावेत, असा अंदाज जॉन टिलटसन या धर्मगुरूने १६९४ मध्ये मांडला होता. तो आजही सिद्ध झालेला नाही, मात्र आवडीने सांगितला जातो. रोलिंग यांचे मंत्र याच जुन्या ‘खोट्या लॅटिन’च्या परंपरेत बसतात, फक्त त्या परंपरेतील बाकी सर्वांपेक्षा त्यांचा अभ्यास पक्का आहे.

यांतील अनेक शब्द संस्कृतसारखे का वाटतात? लॅटिन संस्कृतातून आली आहे का?

नाही. लॅटिन संस्कृतातून आलेली नाही आणि संस्कृतही लॅटिनमधून आलेली नाही. दोन्ही भाषा एकाच आद्य भाषेच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, म्हणून त्यांतील अनेक शब्द सख्ख्या नव्हे, तरी चुलत भावंडांसारखे दिसतात. हा भेद लक्षात ठेवला की पुढचा सगळा खेळ फार रंजक होतो, आणि मराठी वाचकाला तो इंग्रजी वाचकापेक्षा अधिक सहज खेळता येतो.

‘सर्पेन्सॉर्शिया’ या मंत्राने कांडीतून साप बाहेर पडतो. त्यातील ‘सेर्पेन्स’ आणि आपला ‘सर्प’ हे एकाच धातूचे आहेत, आणि दोहोंचा मूळ अर्थ ‘सरपटणारा’ असाच आहे. ‘डेन्सॉजिओ’ने हॅरीच्या मैत्रिणीचे, हर्मायनीचे, दात भराभर वाढू लागतात, त्यातील ‘डेन्स’ म्हणजे ‘दन्त’, तर ‘आउगेओ’ म्हणजे ‘मी वाढवतो’, आणि हा धातू ‘ओजस्’ व ‘उग्र’ या शब्दांच्या कुळातला आहे. ‘इम्पेडिमेन्टा’ हा वाटेत अडथळा आणणारा मंत्र. या शब्दाच्या पोटात ‘पेस, पेडिस’ म्हणजे पाय दडलेला आहे, आणि तोच आपला ‘पद’ व ‘पाद’. पायात काहीतरी अडकवणे हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ होता; पुढे रोमन सैन्य आपल्या अवजड सामानसुमानालाच ‘इम्पेडिमेन्टा’ म्हणू लागले.

दुसऱ्याच्या मनात शिरण्याची विद्या म्हणजे ‘लेजिलिमन्सी’. तिच्यासाठी उच्चारायचा ‘लेजिलिमेन्स’ हा मंत्र ‘लेगेरे’ (वाचणे) आणि ‘मेन्स’ (मन) यांपासून घडला आहे. ‘मेन्स’ आणि ‘मनस्’ यांचे नाते उघड आहे. त्याच ‘मन्’ धातूला साधन दाखवणारा ‘त्र’ प्रत्यय लागून ‘मंत्र’ हा शब्द सिद्ध होतो, म्हणजे ज्याने मनन करायचे ते साधन. आपल्या भाषेत ‘मंत्र’ या शब्दातच मन आहे. इंग्रजीतील ‘स्पेल’ या शब्दाचे तसे नाही.

मग ‘स्पेल’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

जुन्या इंग्रजीत ‘स्पेल’ म्हणजे बोलणे, कथन, गोष्ट. ‘गॉस्पेल’ या शब्दात तो आजही टिकून आहे. त्याचा मूळ अर्थ ‘शुभ वार्ता’. ‘चार्म’ हा शब्द लॅटिन ‘कार्मेन’पासून, म्हणजे गीतापासून आला, आणि ‘एन्चान्ट’ हे ‘कान्तारे’, म्हणजे गाणे, या क्रियापदापासून. ‘ग्रिमॉयर’, म्हणजे मंत्रांची पोथी, हा शब्द तर ‘ग्रामर’चाच फ्रेंचमार्गे बदललेला अवतार आहे. व्याकरण जाणणारा माणूस काहीही करू शकतो, असा एके काळी लोकांचा समज असावा! आपला ‘जादू’ हा शब्द फारसीतून आला. वैदिक संस्कृतात त्याचा भाऊबंद ‘यातु’ असा आहे, आणि ‘यातुधान’ म्हणजे जारणमारण करणारा.

‘लुमोस’ आणि ‘नॉक्स’ ही जोडी व्याकरणाने बरोबर आहे का?

अर्धी. ‘लुमोस’ने कांडीचा दिवा लागतो आणि ‘नॉक्स’ने विझतो. ‘नॉक्स’ म्हणजे रात्र, हा शुद्ध लॅटिन शब्द आहे. संस्कृतातील ‘नक्तम्’ आणि मराठीत क्वचित भेटणारा ‘नक्तंचर’ यांचा तो नातलग. ‘लुमोस’ असा शब्द मात्र लॅटिनमध्ये नाही. प्रकाशाला ‘लूमेन’ म्हणतात, त्याचे शेपूट बदलून हा मंत्र केलेला आहे. ‘लूमेन’च्या मुळाशी असलेला धातू संस्कृतात ‘रुच्’ या रूपाने येतो, आणि त्याचा पहिला अर्थ ‘चमकणे’ हाच होता. आवडण्याचा अर्थ नंतर आला. म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट रुचते, तेव्हा ती शब्दशः आपल्यापुढे उजळते. कांडीच्या टोकाला पेटणारा दिवा आणि मराठीतील ‘रुचणे’ यांचे इतके जवळचे नाते असेल, असे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

अनेक मंत्रांच्या शेवटी ‘ओ’ का येतो?

कारण तो ‘मी’ आहे. संस्कृतातील ‘वदामि’, ‘गच्छामि’ या रूपांमध्ये ‘मि’ जे काम करतो, तेच काम लॅटिन क्रियापदात शेवटचा ‘ओ’ करतो. त्यामुळे ‘ॲकिओ’ म्हणजे ‘मी बोलावून घेतो’, ‘रेपारो’ म्हणजे ‘मी दुरुस्त करतो’ आणि ‘प्रोटेगो’ म्हणजे ‘मी समोरून झाकतो, रक्षण करतो’. ‘प्रोटेगो’मधील ‘तेगो’ या क्रियापदाशी संस्कृतातील ‘स्थग्’ (झाकणे) हा धातू अनेक अभ्यासक जोडतात. तो संबंध मान्य केला, तर सभा ‘स्थगित’ करणारा अध्यक्ष आणि ढालीचा मंत्र म्हणणारा हॅरी एकाच धातूवर हात ठेवून उभे आहेत असे म्हणता येईल.

यांतील सर्वांत सुंदर नमुना माझ्या मते ‘डिफिन्डो’ हा आहे. याने वस्तू फाडता किंवा चिरता येते. लॅटिन ‘फिन्डो’ आणि संस्कृत ‘भिद्’ यांचे नाते केवळ अर्थाचे नाही, ते रूपातही दिसते. ‘फिन्डो’मध्ये धातूच्या मधोमध ‘न’ घुसलेला आहे, आणि ‘भिनत्ति’ म्हणजे ‘तो भेदतो’ या संस्कृत रूपातही तो ‘न’ नेमका तसाच मध्ये घुसलेला आहे. लॅटिनच्या भूतकाळवाचक ‘फिस्सुम’मध्ये तो ‘न’ गळून पडतो. धातूच्या पोटात असा ‘न’ शिरणे, ही दोन्ही भाषांनी आद्य भाषेकडून घेतलेली, हजारो वर्षे सांभाळलेली एक लकब आहे.

सगळेच ‘ओ’ असे कुलीन नाहीत. वस्तू फुगवणारा ‘एन्गॉर्जिओ’ हा मुळात ‘एन्गॉर्ज’ या इंग्रजी क्रियापदाला ‘ओ’ लावून केलेला आहे. वस्तू लहान करणारा ‘रेड्युशिओ’ हा शुद्ध लॅटिनमध्ये ‘रेडूको’ असायला हवा होता. त्यातला ‘इ’ नादासाठी आला आहे.

‘विंगार्डियम लेव्हिओसा’चा अर्थ काय?

हा मंत्र तीन तुकड्यांचा मानला जातो. इंग्रजी ‘विंग’ म्हणजे पंख, लॅटिन ‘आर्दुउस’ म्हणजे उंच, चढा, आणि ‘लेव्हिस’ म्हणजे हलका. ‘लेव्हिस’ हा संस्कृत ‘लघु’चा भाऊबंद आहे, ‘आर्दुउस’ला अनेक भाषाशास्त्रज्ञ ‘ऊर्ध्व’शी जोडतात. म्हणजे संस्कृताच्या कानाने ऐकले, तर या मंत्राच्या गाभ्यात ‘ऊर्ध्व’ आणि ‘लघु’ हे शब्द वाजतात, आणि पीस वर उचलण्यासाठी याहून नेमके काय हवे?

पहिल्या पुस्तकातील ज्या तासाला मुले हा मंत्र शिकतात, तो तास उच्चारशास्त्राचाच आहे. हॅरीचा मित्र रॉन याचे पीस जागचे हलत नाही, आणि हर्मायनी त्याची चूक दाखवते ती अर्थाची नव्हे, तर ‘गार’ हे अक्षर पुरेसे दीर्घ न म्हटल्याची. शिक्षक फ्लिटविक तर बारुफिओ नावाच्या मांत्रिकाची गोष्ट सांगतात: त्याने ‘फ’च्या जागी ‘स’ म्हटला आणि थेट एक रेडा छातीवर घेऊन जमिनीवर पडला. मंत्रात ऱ्हस्व-दीर्घाला किंमत असते, ही कल्पना मराठी वाचकाला नवी वाटण्याचे कारण नाही. शाळेत शुद्धलेखनाचे गुण गेलेल्या प्रत्येकाला रॉनची दया येईल.

‘अलोहोमोरा’ हा शब्द हवाई बेटांवरचा आहे ना?

ही सर्वांत जास्त पसरलेली व्युत्पत्ती आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह का होतो हेही समजते. हवाईयन भाषेतील ‘अलोहा’ आणि लॅटिन ‘मोरा’ म्हणजे विलंब किंवा अडथळा. ‘अडथळ्या, तुला रामराम’ असा अर्थ छान जमतो. परंतु २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका संदर्भग्रंथाविषयीच्या खटल्यात साक्ष देताना लेखिकेने ही व्युत्पत्ती नाकारली. हा शब्द आपण भूमिशकुनविद्येत वापरल्या जाणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतील ‘सिदिकी’ बोलीतून घेतला आणि त्याचा अर्थ ‘चोरांचा मित्र’ असा आहे, असे त्यांनी सांगितले. कुलूप उघडणाऱ्या मंत्राला हा अर्थ अधिक चपखल बसतो, यात वाद नाही.

येथे एक जोड द्यावीशी वाटते. मादागास्करमध्ये ‘सिकिदी’ नावाची शकुनविद्या फार प्रसिद्ध आहे. तिच्यात बिया मांडून आकृत्या तयार करतात, आणि त्या आकृत्यांची नावे मुख्यतः अरबी भाषेतून गेलेली आहेत. ‘सिदिकी’ आणि ‘सिकिदी’ यांतील साम्य नजरेत भरण्यासारखे आहे. तथापि मादागास्कर पश्चिम आफ्रिकेत नाही, हेही तितकेच खरे.

‘एक्सपेक्टो पेट्रोनम’मध्ये ‘अपेक्षा’ आहे का?

या मंत्राने रक्षण करणारा एक प्राणी प्रकट होतो. इंग्रजीतील ‘एक्स्पेक्ट’ त्यातूनच आला आहे, पण लॅटिन ‘एक्सस्पेक्तो’चा अर्थ ‘मी वाट पाहतो, डोळे लावून बसतो’ असा आहे. या क्रियापदाचे मूळ ‘स्पेकेरे’, म्हणजे पाहणे; संस्कृतातील ‘पश्यति’ त्याच कुळातले आहे. आपल्या ‘अपेक्षा’ शब्दातील ‘ईक्ष्’ या धातूचा अर्थही पाहणे असाच होतो, पण तो वेगळा धातू आहे. दोन भाषांनी वेगवेगळ्या शब्दांतून एकच कल्पना बांधली, एवढेच येथे म्हणता येते. मराठीत तर आपण उघडच वाट ‘पाहतो’.

‘पात्रोनुस’ म्हणजे रक्षणकर्ता, आश्रयदाता. रोमन समाजात एखाद्या वजनदार माणसाच्या छत्राखाली अनेक आश्रित असत. त्या छत्र धरणाऱ्याला ‘पात्रोनुस’ म्हणत, आणि हा शब्द ‘पातेर’पासून, म्हणजे पित्यापासून, आला आहे. ‘पातेर’ आणि ‘पितृ’ यांचे नाते वेगळे सांगायला नको.

मंत्रात ‘पात्रोनुस’चे ‘पात्रोनुम’ का झाले? ती द्वितीया विभक्ती आहे. संस्कृतात ‘देवः’चे ‘देवम्’ होते, तसेच लॅटिनमध्ये ‘-उस’चे ‘-उम’ होते. शेवटचा ‘म’ दोन्हीकडे तोच. हा मंत्र त्यामुळे व्याकरणदृष्ट्या एक संपूर्ण, निर्दोष वाक्य आहे: ‘मी रक्षणकर्त्याची वाट पाहतो.’ प्रोटेगो, रेपारो, डिफिन्डो यांमध्ये बोलणारा काहीतरी करतो. येथे तो काहीच करत नाही, तो फक्त आशा धरतो. तिसऱ्या पुस्तकात (१९९९) हॅरी सरोवराच्या काठावर मरणाच्या दारात असताना पलीकडच्या तीरावर आपले वडील दिसल्याचे त्याला वाटते. पुढे काळात मागे जाऊन त्याच क्षणी तो पुन्हा पोचतो तेव्हा वडिलांची वाट पाहत बसतो, कोणीही येत नाही, आणि अखेर मंत्र त्यालाच म्हणावा लागतो. त्याच्या मंत्रातून निघणारा प्राणी वडिलांचेच रूप असलेला सांबर असतो. ‘वाट पाहणे’ आणि ‘पिता’ हे मंत्रातील दोन्ही शब्द त्या प्रसंगात अक्षरशः घडतात. एवढे काम करणारा दुसरा मंत्र या पुस्तकांत नाही.

तीन अक्षम्य शापांची नावे कशी पडली?

माणसावर वापरले तर क्षमा नाही असे हे शाप चौथ्या पुस्तकात (२०००) वर्गात शिकवले जातात. ‘क्रुशिओ’ शुद्ध लॅटिन असून त्याचा अर्थ ‘मी यातना देतो’. मूळ शब्द ‘क्रुक्स’, म्हणजे ज्यावर माणसाला खिळत तो क्रूस. येथील प्रथमपुरुष विशेष बोचरा आहे. पाचव्या पुस्तकात हॅरी हा शाप रागाच्या भरात वापरतो आणि तो नीट लागत नाही, तेव्हा खलपक्षातील बेलाट्रिक्स त्याला बजावते की यातना देण्याची खरीखुरी इच्छा मनात असावी लागते. व्याकरणातला ‘मी’ येथे कथेची अटही होऊन बसतो.

दुसऱ्याला आपल्या ताब्यात घेणारा शाप ‘इम्पेरिओ’. हे क्रियापद नाही. ‘मी आज्ञा करतो’ म्हणायचे तर ‘इम्पेरो’ हवे होते. ‘इम्पेरिओ’ हे ‘इम्पेरियम’ म्हणजे सत्ता, अधिकार या नामाचे विभक्तिरूप असून ‘आज्ञेने’ असा त्याचा अर्थ लावता येतो. म्हणजे ते चूक नव्हे, एवढे म्हणायला जागा आहे. जाणूनबुजून केले की ‘इ’ पुन्हा नादासाठी आला, ते सांगता येत नाही.

‘अवाडा केडाव्रा’ आणि ‘अब्राकाडाब्रा’ एकच का?

‘अवाडा केडाव्रा’ हा तिसरा अक्षम्य शाप, जीव घेणारा. ऑगस्ट २००४ मध्ये एडिनबरा पुस्तक महोत्सवात वाचकांशी बोलताना लेखिकेने सांगितले की हा अरामी भाषेतील प्राचीन मंत्र असून तोच ‘अब्राकाडाब्रा’चे मूळ आहे. त्याचा अर्थ ‘ती वस्तू नष्ट होवो’, आणि ‘ती वस्तू’ म्हणजे मुळात आजार. आपण मात्र समोर उभा असलेला माणूस हीच ती ‘वस्तू’ ठरवली, असे त्या म्हणाल्या.

या विधानाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. ‘अब्राकाडाब्रा’ रोग घालवण्यासाठी वापरत, हे पक्के आहे. या शब्दाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद क्विन्तुस सेरेनुस सामोनिकुस या रोमन लेखकाच्या वैद्यकविषयक लॅटिन काव्यात मिळते, आणि तो काळ साधारण इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक असा मानतात. हिवतापासारख्या तापावर त्याने सांगितलेला उपाय असा: हा शब्द कागदावर लिहावा, खालच्या ओळीत शेवटचे एक अक्षर वगळून पुन्हा लिहावा, त्याखाली आणखी एक वगळून, असे करत शेवटी एकच अक्षर उरेपर्यंत लिहीत जावे आणि तो कागद गळ्यात बांधावा. शब्द जसा झिजत जातो तसा ताप झिजावा, ही त्यामागची कल्पना. लंडनमधील १६६५ च्या प्लेगच्या वेळीही लोक हा शब्द त्रिकोणाकृती लिहून बाळगत, असे डॅनियल डीफोने १७२२ मध्ये लिहून ठेवले आहे.

दुसरा भाग, म्हणजे अरामी उगम, मात्र एक तर्क आहे आणि त्याच्या विरोधात इतरही तर्क आहेत. ‘मी बोलतो तसे निर्माण करतो’ हा जो अर्थ सर्वत्र फिरतो, तो तर ‘नष्ट होवो’च्या अगदी उलट आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. ‘वस्तू’साठी अनेकदा पुढे केला जाणारा ‘दाबार’ हा शब्द हिब्रू आहे, आणि त्याचा अर्थ ‘वस्तू’ तसाच ‘शब्द’ असाही होतो. आपल्या ‘पदार्थ’ शब्दाची रचना येथे आठवावी: ‘पद’ आणि ‘अर्थ’, म्हणजे शब्दाने जे दाखवले जाते ते. शब्द आणि वस्तू यांच्यामधली भिंत पातळ आहे, अशी भावना दोन दूरच्या भाषांनी आपापल्या परीने नोंदवून ठेवली आहे, आणि मंत्र ही कल्पना त्या पातळ भिंतीवरच उभी असते.

‘केडाव्रा’ ऐकताना कोणत्याही इंग्रजी वाचकाला ‘कडाव्हर’, म्हणजे प्रेत, हा शब्द ऐकू येतो. तो उगम नसेलही, पण ‘ब’चा ‘व’ करताना लेखिकेच्या कानात तो शब्द नव्हता, असे मानणे मला जड जाते.

सेव्हरस स्नेपचे मंत्र वेगळे वाटतात ते का?

कारण कथेतही ते वेगळे आहेत. हॅरीचा शिक्षक असलेल्या स्नेपने विद्यार्थी असताना ते स्वतः घडवले. ‘लेव्हिकॉर्पस’ म्हणजे ‘हलके शरीर’, आणि त्याचा उतारा ‘लिबराकॉर्पस’ म्हणजे ‘शरीर मोकळे कर’. ‘सेक्टमसेम्प्रा’ हा ‘सेक्तुम’ (कापलेले) आणि ‘सेम्पेर’ (सदैव) यांची जोडणी आहे. या शापाने तुटलेला रॉनच्या भावाचा, जॉर्जचा, कान पुन्हा उगवत नाही, तो या ‘सदैव’मुळेच. सहाव्या पुस्तकात स्नेप त्या जखमा गाण्यासारखे काही पुटपुटत भरून काढतो, पण शब्द दिलेले नाहीत. चित्रपटात त्या जागी ‘वुल्नेरा सानेन्तुर’ असे शब्द आहेत. ‘जखमा भरून याव्यात’ असा त्यांचा अर्थ होतो आणि व्याकरण अचूक आहे.

सर्वच मंत्र लॅटिन किंवा इंग्रजी आहेत का?

नाहीत. किरकोळ जखम बरी करणारा ‘एपिस्की’ ग्रीक ‘एपिस्केउए’ (दुरुस्ती) यापासून आला आहे, तर घशात अडकलेला घास मोकळा करणारा ‘ॲनाप्निओ’ हे ग्रीक क्रियापद आहे: ‘मी श्वास घेतो’. उपचारांचे मंत्र ग्रीक निघावेत हे युरोपीय वैद्यकाच्या परिभाषेला धरूनच आहे. ‘टॅरँटालेग्रा’, जो समोरच्याचे पाय नाचायला लावतो, तो इटालियन आहे: ‘तारान्तेल्ला’ हे द्रुत नृत्य आणि ‘आल्लेग्रा’ म्हणजे आनंदी. आकाशात मृत्युचिन्ह उमटवणाऱ्या ‘मॉर्समॉर्ड्रे’त लॅटिन ‘मोर्स’ (मृत्यू) आणि फ्रेंच ‘मोर्द्र’ (चावणे) आहेत. पहिला ‘मृ’ धातूचा, दुसरा ‘मृद्’, म्हणजे ‘मर्दन’मधल्या धातूचा नातलग.

मंत्रांत उघड चुका आहेत का?

आहेत. ‘फिनिटे इन्कॅन्टाटेम’मधील पहिला शब्द ठीक आहे, ‘संपवा’ असा बहुवचनी आज्ञार्थ. दुसरा शब्द लॅटिनच्या कोणत्याही रूपावलीत बसत नाही. ‘होमेनम रेव्हेलिओ’मध्ये एक माणूस अभिप्रेत असेल तर ‘होमिनेम’ हवे, अनेक माणसांचे म्हणायचे असेल तर ‘होमिनुम’. याउलट सातव्या पुस्तकातील ‘केव्ह इनिमिकम’, म्हणजे ‘शत्रूपासून सावध राहा’, निर्दोष आहे. पॉम्पेई येथे घराच्या उंबऱ्यावर सापडलेल्या ‘कुत्र्यापासून सावध’ या प्रसिद्ध लॅटिन पाटीचीच ती घडण आहे.

सर्वांत गंमतीची चूक मात्र दुरुस्त झाली. बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणारा मंत्र चौथ्या पुस्तकात प्रथम ‘एनर्व्हेट’ असा छापला गेला. पण इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ गलितगात्र करणे असा आहे. मूळ लॅटिनमध्ये ‘स्नायू काढून घेणे’. पुढे तो ‘रेनर्व्हेट’ झाला, म्हणजे स्नायू पुन्हा बहाल केले गेले.

‘ॲकिओ’चा योग्य उच्चार कोणता?

चित्रपटांत ‘ॲकिओ’ असा आहे. अभिजात लॅटिनप्रमाणे ‘अक्किओ’, चर्चच्या लॅटिनप्रमाणे ‘अच्चिओ’, आणि इंग्रजीच्या सवयीने ‘ॲक्सिओ’. शब्द अस्सल लॅटिन असल्यामुळे अभिजात किंवा चर्चच्या उच्चारांपैकी कोणताही म्हणावा.

अनुवादात या मंत्रांचे काय होते?

बहुतेक युरोपीय भाषांत ते तसेच ठेवले गेले, कारण तिथल्या वाचकाला लॅटिनचा गंध येतो. भारतीय भाषांपुढील प्रश्न वेगळा आहे. देवनागरीत नुसते लिप्यंतर केले, तर नाद राहतो पण अर्थाची पुसट चाहूल नाहीशी होते; इंग्रजी वाचकाला ‘पेट्रिफिकस’मध्ये दगड दिसतो, आपल्याला काहीच दिसत नाही. हिंदी अनुवादकाने संस्कृतसदृश मंत्र घडवले, आणि ‘एक्सपेक्टो पेट्रोनम’चे ‘पितृदेव संरक्षणम्’ केले. त्याची चेष्टा खूप होते, परंतु ‘पात्रोनुस’च्या पोटात पिता आहे आणि हॅरीच्या रक्षणकर्त्यातही पिता आहे हे लक्षात घेतले, तर ‘पितृ’ हा शब्द अंदाधुंदीने आलेला नाही. इंग्रजी वाचकाच्या कानात लॅटिन जसा जुनेपणा आणि वजन आणते, तसे हिंदी-मराठी वाचकाच्या कानात संस्कृत आणते, ही जाणही योग्यच आहे. गेले आहे ते क्रियापद. ‘संरक्षणम्’ हे नुसते नाम आहे. त्यात ‘मी’ नाही आणि वाट पाहणेही नाही. ‘रक्षितारं प्रतीक्षे’ असे म्हटले असते, तर द्वितीयेचा ‘म्’, प्रथमपुरुष आणि प्रतीक्षा ही तिन्ही हाती लागली असती, पण त्यातून पिता निसटला असता.